बसून करायचं काम

४ डिसेंबर, वडसा

पाठीवर पडून आज सहावा दिवस. पंख्याला जाळं लागलंय, दिसतं, पण काढायला उठता येत नाही.

ज्या पेशंटला उचलताना कंबर गेली, तो माणूस बरा होऊन घरी गेला म्हणे. इन्चार्ज सिस्टरचा फोन होता. बरं वाटलं. मग रागही आला, कोणावर ते कळलं नाही. स्ट्रेचरवरून बेडवर घ्यायचं होतं, वॉर्डबॉय जेवायला गेलेला, नातेवाईक म्हणाले आम्ही धरतो, आणि ऐनवेळी धरलं नाही. ब्रह्मपुरीच्या त्या दवाखान्यात नऊ वर्षं अशीच माणसं उचलली. एखाद्या दिवशी हे होणारच होतं.

हाडाचे डॉक्टर म्हणाले, तीन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. मी विचारलं, नंतर? म्हणाले, नंतरही नाहीच. नर्सिंग सोडा, काहीतरी बसून करायचं काम बघा. चप्पल बदला म्हणावं इतक्या सहज.

निलेश सकाळी आठला आला. सिंदेवाहीकडे प्रयोग होता. दिवाळी ते होळी तो नाटक कंपनीचे लाइट सांभाळतो. रात्रभर नाटक, पहाटे सगळं सामान टेम्पोत, मग घर. येऊन माझ्या शेजारी आडवा झाला आणि बोलता बोलता झोपला. वाक्य अर्धं राहिलं. काय सांगत होता कोण जाणे.

७ डिसेंबर

प्रतिभाचा फोन. गडचिरोलीला नर्सिंग एकत्र केलं आम्ही, एकाच खोलीत. चार वर्षांपासून ती हैदराबादला आहे, मेडिकल कोडर. मला आत्तापर्यंत वाटायचं कॉम्प्युटरचं काहीतरी असेल.

तिने समजावलं ते असं: अमेरिकेतल्या पेशंटचे कागद स्क्रीनवर येतात. डॉक्टरने काय लिहिलं ते वाचायचं, आजाराला एक नंबर, केलेल्या उपचाराला एक नंबर. त्या नंबरांवर तिकडची विमा कंपनी दवाखान्याला पैसे देते. नंबर चुकला की क्लेम परत. बस.

"चार वर्षांत कोणाचं रक्त पाह्यलं नाई मी," म्हणाली. "तुले तर शरीर आधीच माहीत आहे. बाकीच्यांचं अर्धं डोकं लिव्हर कुठी अन् स्प्लीन कुठी याच्यातच जाते."

किती तरी वेळ ते वाक्य घोळत होतं. शरीर माहीत आहे. माझं स्वतःचं मात्र…

१० डिसेंबर

तीन रस्ते दिसतात.

प्रतिभा म्हणते सरळ हैदराबाद. तिच्या कंपनीत नर्सिंग झालेल्यांना घेऊन तिथेच दोन महिने शिकवतात. मग दोन वर्षं सोडून जायचं नाही असं लिहून द्यावं लागतं.

नागपूरला क्लास आहे. चार महिने, रोज, समोर बसून. वडसा ते नागपूर बस साडेतीन-चार तासांची, म्हणजे तिथेच राहणं आलं. त्यांच्या कौन्सेलर मुलीचे कालपासून तीन फोन. "मॅडम, सीट लॉक करू का?"

आणि ऑनलाइन. संध्याकाळी सात ते साडेआठ, घरूनच. शिकवणाऱ्या मॅडम पूर्वी स्वतः कोडर होत्या. यात नोकरीचं कोणी काही म्हणत नाही. शिका, परीक्षा द्या, पुढचं तुमचं तुम्ही.

निलेशला सांगितलं. चहा पीत ऐकून घेतलं, म्हणाला, तुला जे जमेल ते. हे त्याचं नेहमीचं. अकरा वर्षं झाली लग्नाला, अजून मला कळत नाही की या वाक्यात त्याचा होकार असतो की तो दमलेला असतो.

सासूबाईंना विचारलंच नव्हतं, त्या आतून म्हणाल्या, "जा ना व. पोट्टीले मी पाह्यतो. मी हावो ना घरी."

स्वरा चौथीत आहे. तिने विचारलं, हैदराबादला नेलं तर मराठी बोलायचं की तेलुगू.

१७ डिसेंबर

नागपूरला जाऊन आले. कमरेला पट्टा बांधून, दोन वेळा उमरेडच्या आसपास बसमध्ये उभी राहून. बसलं की जास्त दुखतं. कंडक्टर म्हणाला, बाई, सीट खाली आहे की. काय सांगणार.

डेमो क्लास. वीस-बावीस पोरं, बी.एस्सी. नाहीतर बी.फार्म. झालेली. मी सगळ्यांत मोठी. एकीने मला मॅडम म्हणून उठून जागा दिली, तिला वाटलं मीच शिकवणार.

सरांनी एक कागद दिला, खऱ्यासारखा केलेला. सत्तर वर्षांची बाई, ताप, बी.पी. पडलेलं, लघवी कमी, गोंधळलेली, सलाइन जोरात चालू. डॉक्टरने निदान लिहिलं होतं लघवीचा संसर्ग. सरांनी विचारलं, काय कोड कराल? पोरं पानं उलटू लागली. मी म्हटलं, सेप्सिस आहे हे, संसर्ग रक्तात गेलाय.

"डॉक्टरांनी लिहिलंय का?"

"नाही. पण दिसतंय की."

"तुम्हाला दिसतं, मॅडम. कोडरने लावायचं नाही. फार तर डॉक्टरला विचारून पाठवायचं, तुम्हाला हे म्हणायचंय का म्हणून. त्यांनी लिहिलं तर आहे, नाही लिहिलं तर नाही."

मी म्हटलं, ती बाई मरेल. वर्ग हसला. सर नाही हसले. म्हणाले, तुम्हाला जे दिसतं ते या मुलांना दिसायला लागायला मला दोन महिने लागतात. आणि तुम्हाला त्याच्याकडे बघून गप्प बसायला शिकवायला तेवढेच लागतील.

शिकवतात चांगलं. खोटं कशाला बोलू.

बाहेर जिन्यात टेकून उभी होते, कंबर सरळ करत. फोन करणारी ती कौन्सेलर मुलगी पाणी घेऊन आली. तिचं गाव मूल, आमच्याच बाजूचं. वडसा ऐकलं आणि तिची भाषाच बदलली.

"ताई, सरले सांगू नका. मी बी इथंच शिकली, मागच्या बॅचले. सर्टिफिकेटची परीक्षा येगळी राह्यते, ते निघाली नाई माझी. प्लेसमेंट म्हणजे इंटरव्ह्यूले पाठवतात. दोन ठिकाणी गेली. मंग सर म्हणाले, तवर इथी फोन सांभाळ."

किती दिवस झाले विचारलं. आठ महिने.

पुन्हा म्हणाली, "पन सर शिकवतात चांगले हो." आतून कोणीतरी हाक मारली तशी गेली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाईंनी पाणी तापवून ठेवलं होतं. स्वराने चपला काढून दिल्या. वाकता येत नाही हे तिला आता सांगावं लागत नाही.

१८ डिसेंबर

उठता आलं नाही. गोळी. शेक. दुसरी गोळी.

२२ डिसेंबर

ऑनलाइनवाल्या मॅडमच्या क्लासला तीन दिवस फुकट बसता येतं. आज पहिला. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ नेटवर्क येतं, तिथे उभी राहून ऐकलं, फोन टीव्हीला टेकवून. मॅडमच्या घरी कुकरची शिट्टी होत होती. त्यांनी न थांबता सांगितलं, माफ करा, डाळ आहे. आवडल्या मला.

इंग्रजी जड जातं. वॉर्डात आपण इंग्रजी शब्द बोलतो, वाक्य नाही. इथे वाक्यं. लॅटरॅलिटी म्हणजे डावं की उजवं. एवढ्यासाठी एवढा मोठा शब्द. हात मोडला तर कोणता, पहिल्यांदा दाखवायला आला की पुन्हा, पडला तर कशावरून. सगळ्याला वेगळा आकडा. स्वराला प्रश्न विचारायला बसवलं. तिने विचारलं, तू नापास झालीस तर तुला कोण रागावणार?

२३ डिसेंबर

आज प्राण्यांपासून होणाऱ्या इजा. मॅडम म्हणाल्या, यात जास्त वेळ घालवायचा नाही, परीक्षेत फार येत नाही, गंमत म्हणून बघा. कुत्रा चावला, गायीने शिंग मारलं, घोड्याने लाथ मारली. रॅकून नावाचा तिकडचा कुठलासा प्राणी आहे, मांजराएवढा, त्याला वेगळा नंबर. समुद्रातल्या डॉल्फिनला वेगळा.

मी वाघ शोधला. मिळाला नाही. मॅडमना लिहून विचारलं. त्या म्हणाल्या, वाघाला वेगळा नाही, "इतर सस्तन प्राणी" मध्ये टाकायचं. आणि हसल्या, तुमच्याकडे लागणार का हा कोड?

मी लिहिलं, नाही.

क्लास संपल्यावर शेवंताबाई आठवली. तीन वर्षांपूर्वी, मोहफुलांचे दिवस. सकाळी जंगलात वेचायला गेलेली. दुपारी आणली तेव्हा खांदा आणि मानेची एक बाजू… शुद्धीवर होती. मी ड्रेसिंग सोडत होते आणि ती मला सांगत होती की टोपली तिथेच राहिली, नवी होती, कोणीतरी घेऊन येईल का. पुन्हा पुन्हा टोपलीच. मी म्हटलं, आणतील. एकवीस दिवस होती वॉर्डात. जाताना हात हलत नव्हता, पण पायाने चालत गेली.

कागदावर तिचं काय काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. जखमेची लांबी, टाके, अँटिबायोटिक. टोपली कुठे लिहिणार.

हे काम मला जमेल की नाही ते कळेना. आकडे जमतील. बाकीचं.

२८ डिसेंबर

आज लिहायला हात होत नाही, पण लिहून ठेवायला हवं.

स्वराला दोन दिवस सर्दी-ताप. मी दुपारी गोळी घेऊन झोपलेले. सासूबाईंनी तिला औषध दिलं. जागी झाले तर पोरगी पेंगलेली, हाक मारली तरी डोळे उघडेनात. बाटली बघितली. तापाची नव्हती. माझी, खोकल्याची, मोठ्या माणसाची. दोन्ही बाटल्या तपकिरी, एकाच उंचीच्या.

डॉक्टरकडे नेलं. फार नव्हतं दिलं, झोपून उठली की ठीक होईल म्हणाले. झाली. संध्याकाळी उठून भूक लागली म्हणाली.

मग सासूबाईच बोलल्या. चुलीजवळ बसून, माझ्याकडे न बघता. दोन वर्षं झाली, दिसत नाही नीट. एका डोळ्याने तर फक्त उजेड. डबे जागेवरून ओळखतात, तांदूळ हाताने निवडतात, माणूस आवाजावरून. मागच्या वर्षी भाताच्या रोवणीला त्या गेल्या नाहीत, गुडघा दुखतो म्हणाल्या होत्या. गुडघा नव्हता.

"काऊन सांगितलं नाई?" मी विचारलं.

"तू ड्यूटीवर जाय, तो नाटकाले जाय. कोनाले सांगू?"

मी नर्स. घरातल्या माणसाला मोतीबिंदू, दोन वर्षं, आणि मी रोज तिच्या हातचं जेवून बस पकडायला पळत होते.

निलेशला सकाळी सांगेन.

३ जानेवारी

डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत, एक पिकलेला. आधी तो. ऑपरेशन १९ तारखेला. नंतर महिनाभर दिवसातून कितीदा तरी थेंब, धूर नाही, वाकणं नाही. मी म्हटलं, म्हणजे घरात आता आम्ही दोघी न वाकणाऱ्या. सासूबाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी.

नागपूरची बॅच १२ला सुरू होते.

दुपारी मूलच्या त्या मुलीचा फोन आला. सर बाजूला असावेत, आवाज पाठ केलेला. मॅडम, शेवटच्या दोन सीट आहेत, लॉक करू का? मी नाही म्हटलं. तिने विचारलं, "कारण काय लिहू?"

"घरगुती लिही."

"सगळ्यांचं तेच राह्यते ताई," म्हणाली हळूच, आणि फोन ठेवला.

तिला तिच्या परीक्षेचं विचारायचं राहून गेलं.

१० जानेवारी

ऑनलाइन बॅचचे पैसे भरले. दुसरं काही ठरलं म्हणून नाही. इथून उठून कुठे जाता येत नाही म्हणून.

काल हैदराबादच्या कंपनीची फोनवर परीक्षा झाली. प्रतिभाने माझं नाव दिलं होतं, मला सांगितलं आदल्या दिवशी. अर्धा तास शरीराचे प्रश्न, ते आले. मग एक मुलगा इंग्रजीत म्हणाला, स्वतःबद्दल सांगा. मी नाव, गाव, नऊ वर्षं नर्सिंग इतकं सांगितलं. तो वाट बघत होता. मी म्हटलं, आय ॲम टायर्ड बट आय लर्न फास्ट. हे का बोलले देव जाणे. तो थँक यू म्हणाला.

निलेशला सांगितलं तर पोट धरून हसला. मग हसू थांबलं तसा म्हणाला, खरं तेच बोलली ना.

१४ जानेवारी

संक्रांत. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला. मी खुर्चीत पट्टा बांधून बसलेली, त्याच वाकून कुंकू लावून गेल्या. सगळ्यांचा एकच प्रश्न, दवाखान्यात कधी जाणार. मी कोडिंगचं सांगायला गेले. एकीला वाटलं टायपिंग. एकीने विचारलं, आपल्या इथल्या माणसांच्या आजाराले नंबर नाई का? मी म्हटलं, आजार तेच असतात, पैसे देणारं कोणी पाहिजे.

बोलून गेले आणि जीभ चावली. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे.

२१ जानेवारी

ऑपरेशन परवा झालं. काल पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, बोटं किती? सासूबाईंनी बरोबर सांगितलं आणि मग डॉक्टरांना सोडून माझ्याकडेच बघत बसल्या. मला वाटलं दुखतंय.

"तू एवढी कवा वाळली व?" म्हणाल्या.

मी थेंबांच्या चिठ्ठीत डोकं घातलं. दोन तासांनी पांढऱ्या झाकणाची, चार तासांनी निळ्या. हे मला येतं.

परत येताना रिक्षात त्या सगळं वाचत होत्या. वाचता येत नाही त्यांना, पण रंग. पिवळी पाटी, लाल साडी, शाळेचं निळं फाटक. स्वरा शेजारी बसून हो हो करत होती. घरी आल्यावर पंख्याला लागलेलं जाळं त्यांनाच आधी दिसलं. निलेशला स्टुलावर चढवून काढायला लावलं.

२९ जानेवारी

कंपनीचा मेल. निवडलं आहे म्हणजे पुढच्या फेरीला. १२ फेब्रुवारी, हैदराबाद, समोरासमोर, लेखी आणि मुलाखत. पास झाल्यास मार्चमध्ये प्रशिक्षणाची बॅच. दोन महिने शिकणं, मग दोन वर्षं. पहिलं वर्ष ऑफिसात यावंच लागेल. घरून काम त्यानंतर, "कामाच्या गरजेनुसार".

प्रतिभाला विचारलं, याचा अर्थ काय? म्हणाली, म्हणजे मिळेल बी, नाई बी.

मग मीच विचारलं, तू सुखात आहेस का? इतकी वर्षं झाली, हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ती म्हणाली, रोज ठरलेल्या फाइली व्हायलाच लागतात, चूक किती निघाली त्याचा हिशोब दर आठवड्याला. चष्मा लागला. शिफ्ट बदलते. "थकवा तोच आहे सुषमा. आधी पायात होता, आता डोळ्यात आहे. पन कोणी माझ्या हातात मरत नाई. मले तेवढं पुरते. तुले पुरते का ते तू पाह्य."

३ फेब्रुवारी

हाडाचे डॉक्टर. सुधारणा आहे. कोडिंगचं सांगितलं, आठ-नऊ तास स्क्रीनसमोर. त्यांनी मान हलवली. इतकं बसणंही कमरेला वाईटच, म्हणाले.

तुम्हीच म्हणाला होता बसून करायचं काम बघा.

म्हणाले, हो, पण अर्ध्या-अर्ध्या तासाने उठायचं. चालायचं. मग बसायचं.

म्हणजे उठता येत नाही म्हणून जे काम घेतलं त्यात उठत राहायचं. मी हसले. त्यांना कळलं नाही का हसले.

क्लास चालू आहे. हृदयाचं प्रकरण संपलं. मॅडमच्या चाचणीत वीसपैकी सतरा. तीन चुकले ते सगळे एकाच प्रकारचे. कागदावर नसलेलं मी मनाने धरलं होतं. मॅडमनी प्रत्येकापुढे लिहिलंय, कुठे लिहिलंय? एकच वाक्य, तीनदा.

मॅडमना फोन करून विचारलं, इथेच शिकत राहिले, परीक्षा दिली, आणि कंपनीत गेले नाही तर? त्या स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, सर्टिफिकेट मिळेल. अनुभव नसलेल्या माणसाला घरून काम देणारे फार कमी, आणि जे देतो म्हणतात त्यांतल्या बऱ्याच जणांपासून जपून राहा. कुठेतरी जाऊन बसावं लागेल एक-दोन वर्षं. नागपूर, पुणे, हैदराबाद. वडसा नाही.

वडसा नाही हे माहीतच होतं. तरी कोणीतरी म्हणावं लागतं.

६ फेब्रुवारी

निलेशशी भांडण. भांडण म्हणजे मीच बोलले. तो उठला दुपारी दोनला, मी ताट वाढलं आणि सुरू झाले. तुम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मी मार्चमध्ये गेले तर स्वराचं काय, आईंच्या दुसऱ्या डोळ्याचं काय, तुम्ही तरी सांगा जाऊ नको, म्हणजे मला तुमच्यावर रागावता तरी येईल.

त्याने घास खाली ठेवला.

"मी जाऊ नको म्हटलं तर तू राहशील," म्हणाला. "अन् उद्या पुन्हा कोणाले तरी उचलायला जाशील. जा म्हटलं तर तू जाशील, अन् इथी सगळं माझ्यावर येईल, ते मले जमते का नाई मले माहीत नाई. म्हणून बोलत नाई."

इतकी वाक्यं एकदम मी त्याच्याकडून लग्नानंतर ऐकली नव्हती. पोळी गार झाली होती, दुसरी दिली. तो जेवला, गेला. आज गाडी लवकर होती, पवनीकडे प्रयोग.

८ फेब्रुवारी

सकाळी आला, चहा घेतला, झोपायच्या आधी दारात उभा राहून म्हणाला, ११ अन् १२ला बदली माणूस टाकलाय लाइटवर. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ताप असतानाही याने प्रयोग सोडला नव्हता. स्वरा झाली तेव्हाही दुसऱ्या दिवशी आला होता.

मालक काय म्हणाले विचारलं. म्हणाला, काय म्हणणार, रागावला.

मग आत आला आणि थेंबांच्या बाटल्या हातात घेऊन विचारलं, पांढरी किती तासांनी? मी सांगितलं. त्याने डिमरच्या वायरींना लावतात ती रंगीत चिकटपट्टी आणली आणि बाटल्यांना लावली. तापाच्या औषधाला लाल, खोकल्याच्या माझ्या बाटलीला काळी. सासूबाई बाजूला बसून म्हणत होत्या, आता मले दिसते रे. तो म्हणाला, राहू दे.

११ फेब्रुवारी, बल्लारशा

वडशाहून दुपारच्या गाडीने इथवर. हैदराबादकडची गाडी एक तास उशिरा, आता म्हणतात दीड.

निघताना सासूबाईंनी भाताचा डबा दिला, वर मिरचीचं लोणचं. स्वरा शाळेत होती. सकाळी तिने विचारलं, पास झालीस तर लगेच राहणार का? मी म्हटलं, नाही, परीक्षा झाली की परत येते. मग? मग बघू. ती म्हणाली, बाबा पण नेहमी मग बघू म्हणतात.

निलेश स्टेशनवर आला होता. बॅग त्याने उचलली, मला हात लावू दिला नाही. गाडी सुटताना काहीतरी म्हणाला, ऐकू आलं नाही. फोन करून विचारता आलं असतं. केला नाही.

मी पास व्हावं असं त्याला वाटतं की नापास, ते मला अजून माहीत नाही. मला काय हवंय ते तरी कुठे माहीत आहे. गाडीत शेजारी सिंदेवाहीकडचं एक कुटुंब होतं, म्हातारीला हैदराबादला दाखवायला नेत होते. उतरताना तिचा तोल गेला आणि माझा हात आपोआप पुढे गेला, काखेखाली, नऊ वर्षांच्या सवयीने. मग थांबले. तिच्या मुलाला हाक मारली. त्याने धरलं तिला, नीट. तेवढं थांबणं मला जमलं. जमलं याचं वाईटही वाटलं.

सात वाजले. मॅडमचा क्लास सुरू झाला असेल. आज पोटाचे आजार. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, नळापाशी नेटवर्क आहे. कानात वायर घालून उभीच आहे, बाकावर जागा असून. मॅडम विचारतायत, कोण कोण आलंय, आवाज येतोय का. मी लिहिलं, येतोय.